डांबरगोळी आणि भाकरीची चवड

माझ्या घरात एक लोखंडी ट्रंक आहे. पाटोदा आणि भोवतालच्या गावांतून गेल्या पंचवीस वर्षांत जमवलेले कागद तिच्यात आहेत. मोडीतली खतपत्रे, निजामाच्या अमलातले उर्दू दाखले, सावकारी वह्या, दोन-चार वतनांच्या यादी. तालुक्यात संशोधक म्हणून माझी जी काय ओळख आहे, ती या ट्रंकेमुळे. कसर लागू नये म्हणून होळी झाली की मी तिच्यात डांबराच्या गोळ्या टाकतो. दसऱ्याला झाकण उघडावे तर गोळ्यांच्या जागी हरभऱ्याएवढे खडे उरलेले असतात, कधी तेही नसतात. पाणी झालेले नाही, कागदाला डाग नाही, खाली भुकटी नाही. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेली वस्तू कुठल्या कुठे जाते याचे नवल वाटू नये. पण मला वाटत आले आहे.

त्या नवलापोटी एकदा मी तोंडघशी पडलो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, एका शाळेत मला बोलावले होते. इतिहासवाला माणूस विज्ञान दिनी काय बोलणार, म्हणून मी खिशात डांबरगोळी घेऊन गेलो. पाठ करून गेलो होतो तसे सांगितले : ही गोळी म्हणजे नॅप्थलीन. त्याचा रेणू म्हणजे एकमेकांना चिकटलेली दोन षटकोनी वलये. वलयाच्या वर आणि खाली इलेक्ट्रॉनांचा पातळ ढग असतो. अशा वलयांना एकमेकांची ओढ असते, म्हणून ती टोपल्यातल्या भाकरीच्या चवडीसारखी एकावर एक बसतात आणि गोळी घट्ट होते. उपमा मलाच आवडली होती.

मागच्या बाकावरून नववीतली एक मुलगी उठली. आईवडील ऊसतोडीला गेलेले, ती हंगामी वसतिगृहात राहणारी. म्हणाली, ‘‘सर, वर-खाली इलेक्ट्रॉन आहेत असं तुम्हीच सांगितलं. मग दोन्हीकडून मायनसच आलं की. ते एकमेकांना ढकलणार नाहीत का?’’

मी काहीतरी पुटपुटलो आणि विषय बदलला. हा लेख म्हणजे त्या प्रश्नामागे लागून मी जे वाचले त्याचा हिशेब आहे. माझे रसायनशास्त्र बारावीपर्यंतचे. पुढचे सारे विश्वकोशाचे खंड, जुनी मासिके आणि समजेल तेवढे शोधनिबंध यांच्यावर भागवलेले. तरी एक गोष्ट मी छातीठोकपणे सांगू शकतो. त्या मुलीचा प्रश्न बाळबोध नव्हता. जगातल्या नामांकित रसायनशास्त्रज्ञांना त्याचे उत्तर नीट मांडायला १९९० साल उजाडावे लागले. आणि त्या उत्तराचा एक धागा पुण्यातून जातो.

‘डांबरगोळी’ हा शब्द अगदी खरा आहे. दगडी कोळसा तापवून दिव्याचा गॅस काढायला सुरुवात झाली तेव्हा मागे डांबर उरू लागले आणि त्या काळ्या घाणीतून पांढरे स्फटिक निघाले. ऑक्सफर्डच्या जॉन किड याने १८२१ मध्ये त्यांना नाव दिले. चारच वर्षांनी, १८२५ साली, मायकेल फॅरेडेने दिव्याच्या गॅसच्या तेलकट गाळातून बेंझिन वेगळे केले. बेंझिन म्हणजे एक वलय, नॅप्थलीन म्हणजे दोन. वलयाची कल्पना केकुलेने १८६५ मध्ये मांडली, पुढच्याच वर्षी एर्लेनमायरने नॅप्थलीनला दोन जोडवलये दिली. या पदार्थांना वास होता म्हणून ‘सुगंधी’, म्हणजे अरोमॅटिक, हे कुळाचे नाव पडले. डांबरगोळीच्या वासाला सुगंध म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

वलय कागदावर होते. ते खरोखर सपाट आहे की खाचखळग्याचे, हे कोणी पाहिले नव्हते. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी १९२१ च्या सुमारास नॅप्थलीन आणि त्याचे तीन वलयांचे भावंड अँथ्रासीन यांचे स्फटिक क्ष-किरणांत धरले. दोघांच्या स्फटिकांची मापे दोन बाजूंनी जवळजवळ सारखी, तिसऱ्या बाजूने मात्र अँथ्रासीन सुमारे अडीच अँगस्ट्रॉमने लांब. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) अडीच अँगस्ट्रॉम ही एका जादा वलयाची लांबी झाली. म्हणजे कागदावरची वलये स्फटिकात खरोखरच होती. सपाटपणाचा पुरावा कॅथलीन लॉन्सडेल यांनी दिला, १९२८-२९ मध्ये, लीड्सला. त्यांनी सहा शेपट्या जोडलेले बेंझिन घेतले आणि वलय सपाट असल्याचे दाखवले. पुढची काही वर्षे या बाई घरी लहान मुली सांभाळत हाताने आकडेमोड करीत होत्या. विद्यापीठाच्या उंबऱ्याबाहेर बसून काम करणाऱ्या माझ्यासारख्याला हा तपशील ओलांडून पुढे जाववत नाही.

आता भारत. आपल्या पाठ्यपुस्तकात रामन येतात, त्यांचे सहकारी येत नाहीत. के. एस. कृष्णन ढाक्याला आणि १९३३ पासून कोलकात्याला, इंडियन असोसिएशनमध्ये, स्फटिक दोऱ्याला टांगून चुंबकाच्या मध्ये सोडत. कल्पना अशी : सपाट वलयाला चुंबकाचा तिटकारा सगळ्या दिशांनी सारखा नसतो. वलयाच्या पातळीला काटकोनात तो सर्वांत जास्त असतो, कारण वलयाभोवती इलेक्ट्रॉनांना फिरायला मोकळीक असते. टांगलेला स्फटिक कसा वळतो, किती वेगाने डोलतो, हे मोजले की आतली वलये कोणत्या अंगाला कलली आहेत ते कळते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेणूचा कल एका डोलणाऱ्या खड्यावरून! केदारेश्वर बॅनर्जी यांनी कोलकात्यातच १९३० मध्ये नॅप्थलीन आणि अँथ्रासीनच्या स्फटिकरचनेवर काम केले. अणूंची तंतोतंत मापे पुढे १९३३ मध्ये लंडनला रॉबर्टसन यांनी घेतली. सामग्री पाहिली तर कोलकात्याकडे दोरा, चुंबक आणि चिकाटी. फार मोठे काही नाही.

या साऱ्या खटाटोपातून जे चित्र निघाले ते पाहिल्यावर माझी चवड कोसळली. नॅप्थलीनच्या स्फटिकात रेणू एकावर एक सपाट बसलेलेच नाहीत. शेजारचे दोन रेणू एकमेकांशी पन्नासएक अंशांचा कोन करून उभे असतात. एकाची कड दुसऱ्याच्या अंगाकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे, माशाच्या काट्यासारखी तिरपी मांडणी. म्हणजे मुलगी बरोबर होती, किंवा निदान स्फटिक तिच्या बाजूचा होता.

पण मग ओढ कसली? उत्तराचा पहिला अर्धा भाग १९३० मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी दिला. रेणूतले इलेक्ट्रॉन सतत हलत असतात. एखाद्या क्षणी ते एका बाजूला किंचित जास्त झुकतात; तेवढ्याने शेजारच्या रेणूतले इलेक्ट्रॉनही जागा सोडतात, आणि त्या क्षणापुरती दोघांत ओढ निर्माण होते. पुढच्या क्षणी सारे बदलते, तरी ओढ टिकते, कारण दोघे एकमेकांच्या तालावर हलत राहतात. ही ओढ सर्व पदार्थांत असते. वलयांत ती बऱ्यापैकी असते, कारण सपाट वस्तू जवळ येऊ शकतात. ग्राफाइटमधील थर असेच ३.३५ अँगस्ट्रॉमवर राहतात. पेन्सिल कागदावर चालते ती त्या थरांच्या घसरण्यामुळे.

लंडन यांच्या ओढीला दिशेचे फारसे सोयरसुतक नाही. तिच्यावर सोडले असते तर जास्तीत जास्त अंग अंगाला लागावे म्हणून भाकरी भाकरीवरच बसली असती. ती कलते का, याला दुसरे अर्धे उत्तर हवे होते. ते येण्याआधी दोन प्रयोग झाले. दोन्ही इतके सरळ आहेत की शाळेत सांगता यावेत.

पहिला १९६० चा, पॅट्रिक आणि प्रॉसर यांचा. बेंझिन साडेपाच अंश सेल्सिअसला गोठते. त्याच्या कडेचे सहाही हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवले की होणारा पदार्थही पाच अंशांच्या आसपासच गोठतो. दोन्ही द्रव समसमान मिसळले, तर मिश्रण सुमारे २४ अंशांपर्यंत घट्ट राहते. थंडीतल्या सकाळी आमच्याकडे बाटलीत खडा व्हावा, इतके! कारण फ्लोरिन इलेक्ट्रॉन कडेला खेचतो. साध्या बेंझिनची अंगे ऋण आणि कड धन. फ्लोरिनवाल्याची अंगे धन आणि कड ऋण. ही दोन वलये मात्र खरोखर चवडीसारखी बसतात, एकाआड एक. भाकरीवर भाकरी नको म्हणते, पण मध्ये वेगळ्या पिठाची घातली की चवड उभी राहते.

दुसरा प्रयोग १९७५ चा, हार्वर्डमध्ये क्लेम्परर यांच्या गटाचा. बेंझिनच्या रेणूंच्या जोड्या पोकळीतून विद्युतक्षेत्रात सोडल्या. दोन भाकरी तंतोतंत एकावर एक असतील तर जोडीला विजेच्या दृष्टीने डावे-उजवे नसते आणि ती वळत नाही. जोड्या वळल्या. म्हणजे एक रेणू दुसऱ्याच्या अंगावर कडेने उभा असावा, इंग्रजी टी अक्षरासारखा. पुढे १९८५ मध्ये बर्ली आणि पेट्स्को यांनी प्रथिनांमधली वलये तपासली. तिथेही शेजारी वलये काटकोनाकडे झुकलेली मिळाली.

१९९० मध्ये केंब्रिजच्या हंटर आणि सँडर्स यांनी हे सगळे एका चौकटीत बसवले. जवळ आणते ती लंडनची ओढ; कसे बसायचे ते ठरवते विद्युतभारांची वाटणी. अंगावर अंग आले की ढकलाढकल. म्हणून वलय एक तर कडेने उभे राहते, नाहीतर मंगलोरी कौलासारखे सरकून बसते. नववीतल्या मुलीने विचारले ते हेच. एक दुरुस्ती मात्र तिच्या बाजूलाही हवी. तंतोतंत एकावर एक ठेवली तरी दोन बेंझिन वलयांत एकूण थोडी ओढ उरतेच, असे २००२ च्या सुमारास त्सुझुकी आणि शेरिल यांच्या गटांच्या अचूक गणितांनी दाखवले. फक्त ती टी अक्षरापेक्षा आणि सरकलेल्या मांडणीपेक्षा कमी असते, त्यामुळे रेणू तिथे थांबत नाही, घसरतो.

त्याच १९९० साली पुणे विद्यापीठात जे झाले, ते मराठी वाचकाला माहीत असायला हवे, आणि नाही. रसायनशास्त्र विभागातील श्रीधर गद्रे आणि पदार्थविज्ञानातील राजीव पाठक यांनी एक छोटा, पक्का सिद्धांत मांडला. तो मी माझ्या भाषेत सांगतो. रेणूभोवतीच्या प्रत्येक जागी एक इवलासा धन भार ठेवून पाहिला, तर काही जागी तो ढकलला जाईल, काही जागी ओढला जाईल. जिथे ढकलला जातो ती जागा उंच आणि ओढला जातो ती सखल मानली, की रेणूभोवती डोंगरदऱ्यांचा नकाशा तयार होतो. याला स्थिरविद्युत विभव म्हणतात. इटलीत पिसा येथे स्क्रोको आणि तोमासी यांनी असे नकाशे १९७० च्या दशकात वापरात आणले होते. पाठक-गद्रे यांनी सिद्ध केले की या मुलखात शिखरे फक्त अणुकेंद्रांवरच असू शकतात. दुसरीकडे कुठेही नाहीत. केंद्र सोडले की बाकी सर्वत्र फक्त इलेक्ट्रॉनांचा ऋण ढग आहे, आणि ऋण ढगात जमिनीचा बाक वाटीसारखा असतो, उलट्या वाटीसारखा सगळीकडून कधीच नसतो. दऱ्या मात्र असू शकतात, आणि त्या कुठे आहेत यावर रेणूचा स्वभाव ठरतो.

आमच्या बालाघाटात सुळके आणि दऱ्या कशाही पडलेल्या आहेत. मांजरा नदी जिथून निघते त्या पठारावर उभे राहिले तर नियम काही दिसत नाही. रेणूच्या मुलखाला मात्र असा कडक नियम आहे, हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. शिखरे ठरलेली, म्हणजे शोधायच्या त्या दऱ्या आणि खिंडी. गद्रे यांच्या गटाने १९९२ मध्ये अशा नकाशांची रीतसर पाहणी प्रसिद्ध केली. बेंझिनचा नकाशा काढला की दऱ्या वलयाच्या वर आणि खाली, आणि कडेला हायड्रोजनांचा उंचवटा. दुसऱ्या वलयाचा उंचवटा या दरीत टेकतो. टी अक्षर तिथेच तयार झाले!

हे मला समजले ते गद्रे आणि प्रवीण भदाणे यांच्या ‘रेझोनन्स’ मासिकातल्या १९९९ च्या लेखमालेमुळे. इंग्रजीत आहे, पण विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. मराठीत असे काही तेव्हा माझ्या हाती लागले असते तर शाळेत फजिती झाली नसती.

त्या काळाची आणखी एक बाजू आहे. रेणूचे गणित करायला मोठा संगणक लागतो, आणि तो कोणी देत नव्हते. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाले, १९९१ मध्ये विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ उभा राहिला. गद्रे यांच्या गटाने अनेक छोट्या संगणकांत काम वाटून देण्याच्या युक्त्या याच वर्षांत बसवल्या. १९९४ मध्ये शिरसाट आणि लिमये यांच्यासह त्यांनी मोठा रेणू कापून, तुकड्यांचे गणित करून, पुन्हा जोडण्याची रीत काढली. तिचे नावच शिंपीकामावरून आहे. तुकडे एकमेकांवर थोडे चढवायचे, म्हणजे शिवण उसवत नाही. आणि चढलेला भाग दोनदा मोजला गेला म्हणून एकदा वजा करायचा. हीच रीत वापरून २०१० मध्ये हैदराबादच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीतील महादेवी आणि शास्त्री यांच्याबरोबर पुण्याच्या गटाने बेंझिनच्या पुंजक्यांचे गणित मांडले. दोन वलयांवरून घोळक्यावर जाणे म्हणजे स्फटिकाच्या, पर्यायाने माझ्या गोळीच्या, एक पाऊल जवळ जाणे. गद्रे यांना १९९३ चा भटनागर पुरस्कार मिळाला, तो त्याआधी.

मुंबईच्या सेंट झेविअर्सचे विद्यार्थी गौतम देसिराजू यांचेही नाव घ्यायला हवे. १९८९ मध्ये गावेझोत्ती यांच्यासह त्यांनी दाखवले की वलयांच्या रेणूंचा आकार पाहून ते स्फटिकात काट्यासारखे बसतील की चवडीसारखे, हे आधी सांगता येते. कडेला हायड्रोजन भरपूर असले की काट्यासारखे. वलये वाढून आतला भाग मोठा झाला की चवडीकडे कल.

डीएनएबद्दल दोन शब्द. शिडीच्या पायऱ्या हायड्रोजन बंधांनी जोडल्या आहेत म्हणून शिडी टिकते, असे आपण शिकलो. २००४ ते २००६ मधल्या फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या गटाच्या मोजणीप्रमाणे शिडी उभी राहते ती मुख्यतः पायऱ्या ३.४ अँगस्ट्रॉमवर एकमेकींवर बसल्यामुळे. इथे मात्र चवड आहे, पण पिळलेली.

आता वादाचा मुद्दा, आणि इतिहासवाला म्हणून मला तो सर्वांत आवडतो. या ओढीला ‘पाय-पाय’ असे खास नाव आहे. पाय म्हणजे वलयाच्या वर-खाली असलेले ते इलेक्ट्रॉन. २००८ मध्ये जर्मनीच्या श्टेफान ग्रिमे यांनी विचारले : अशी वेगळी ओढ खरोखर आहे का? त्यांच्या गणिताप्रमाणे एकेकट्या वलयात ती वेगळी काढता येत नाही; पाय इलेक्ट्रॉन नसलेले तेवढेच वलयही तेवढेच ओढते. वेगळेपण दिसू लागते ते दहा-पंधरा कार्बनांनंतर. २०१२ मध्ये मार्टिनेझ आणि आयव्हरसन यांनी तर हे नाव सोडूनच द्यावे असे सुचवले. साधे आकडे पाहा. बेंझिन ८०.१ अंशांना उकळते. पाय इलेक्ट्रॉन नसलेले सायक्लोहेक्झेन ८०.७ अंशांना. फरक नाहीच म्हणा. दोन वलयांवर आलो की नॅप्थलीन २१८ अंशांना आणि त्याचे पाय नसलेले भावंड डेकॅलिन १९० अंशांच्या आसपास उकळते. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, पण दहा कार्बनांची डांबरगोळी बरोबर उंबरठ्यावर उभी आहे हे दिसते. आम्ही मोडी वाचणारे एखाद्या घराण्याचे आडनाव कागदात आहे म्हणून घराणे होतेच असे धरत नाही. नाव सोपे असले की ते आधी रुळते, पुरावा मागून चालत येतो. माझे मत मार्टिनेझ यांच्या बाजूचे आहे.

ही ओढ किती? रेणूच्या आतले कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलामागे ५०० किलोज्यूलच्या घरात ऊर्जा लागते. दोन बेंझिन वलये सोडवायला जेमतेम ११. स्फटिकात शेजारी पुष्कळ असतात म्हणून नॅप्थलीनचा रेणू गोळीतून सुटायला ७० च्या वर लागतात. तरी पत्र्याखालच्या उन्हाळ्यात तेवढे जमते. रेणू अखंड राहतो, शेजार सोडतो, घनातून थेट हवेत जातो. याला पुस्तकात संप्लवन म्हणतात. माझ्या गोळ्या तिकडे जात होत्या.

आणि हवेतून कुठे? हे वाचताना माझे कागदांवरून लक्ष उडाले. आमच्या तालुक्यात दिवाळी उरकली की कुटुंबेच्या कुटुंबे उसाच्या फडावर जातात. घराला कुलूप, ट्रंकेत लुगडी, गोधड्या आणि पुढच्या बाळासाठी जपलेली आधीच्या बाळाची दुपटी, कुंची, झबली, त्यांत डांबरगोळ्या. काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी६पीडी नावाचे विकर जन्मतः कमी असते. नॅप्थलीन शरीरात गेले की त्याचे जे पदार्थ बनतात ते अशा पेशी फोडतात. तान्ह्या मुलाला त्यातून जबर कावीळ होऊ शकते, आणि गोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे असे झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. हा दोष दूरदेशीचा नाही. त्याच्या एका प्रकाराला आपल्या कल्याणचे नाव आहे. युरोपीय संघाने २००८ मध्ये या गोळ्यांवर बंदी घातली. आपल्याकडे त्या दुकानात मिळतात. बाळाच्या कपड्यांत त्या घालूच नयेत. घातल्या असतील तर कपडे धुऊन, कडक उन्हात बरेच दिवस वाळवल्याशिवाय मुलाच्या अंगाला लावू नयेत, आणि बाळ पिवळे दिसले तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

पुढच्या विज्ञान दिनी मी त्याच शाळेत स्वतःहून गेलो. भाकरीऐवजी दोन मंगलोरी कौले नेली होती, आणि भाषणाचा निम्मा वेळ कुंची-दुपट्यांवर घालवला. ती मुलगी दहावीत गेली होती. मी सगळ्यांसमोर सांगितले की मागच्या वर्षी मी चुकीचे बोललो आणि हिने ते पकडले. ती लाजली वगैरे काही नाही. तिने कौल हातात घेऊन उलटसुलट केले आणि विचारले, ‘‘पण सर, तीन वलयं आली तर तिसरं कुणाकडं तोंड करणार?’’